रविवारचा ड्राफ्ट (२०२४): चबला कितव्या राउंडला धरायचं?

अण्णा:
मंडळी, आपल्या फँटसी लीगच्या (अमेरिकन फुटबॉल) कीपरची, म्हणजे मागच्या टीममधून ठेवायच्या खेळाडूंची, नावं आज रात्री ९ पर्यंत हवीत. बापूंचं तेवढं अडलंय, ब्राउन्सचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) निक चब ठेवायचाय पण मागच्या वर्षी पहिल्या राउंडला घेतलेला, म्हणजे नियमाने त्यांचा पहिलाच राउंड जाणार, त्यांना तो दहाव्याला, म्हणजे स्वस्तात, हवाय. ब्राउन्सने त्याला पीयूपीवर (दुखापतग्रस्तांच्या यादीत) टाकलंय, पहिल्या चार मॅच नाहीच. लवकर बोला, मला हॉलच्या चावीचंही बघायचंय.

बापू:
अण्णा, नियम धडधाकट माणसासाठी केलेला. गेल्या वर्षी १८ सप्टेंबरला पिट्सबर्गची मॅच आपण सगळे एकत्र बघत होतो, चबचा गुडघा असा मोडला की टीव्हीवाल्यांनी रिप्लेसुद्धा दाखवला नाही. दोन ऑपरेशनं झाली, आणि गुडघा पण तोच डावा, २०१५ ला कॉलेजात जॉर्जियाकडून खेळताना नॉक्सव्हिलला गेलेला. तरी २०१६ ला पळून ११३० यार्ड काढलेच ना? रनिंग बॅक एड्रियन पीटरसनचा तर डिसेंबर २०११ ला एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) गेला आणि पुढच्याच सीझनला २०९७!

नाना:
दरवर्षी पीटरसन काढू नका बापू, तसा एखादाच. सेक्वॉन बार्कली बघा, तोही रनिंग बॅक, २०२० ला शिकागोत एसीएल, २०२१ ला ५९३ यार्ड, कॅरीला (बॉल घेऊन एकदा पळण्याला) ३.७, मग २०२२ ला १३१२. जावॉन्टे विल्यम्सही गुडघ्यातून परत येऊन गेल्या वर्षी ३.६ वरच अडकला. परत आल्याचं पहिलं वर्ष असंच जातं, आणि बार्कली तेव्हा पोरगा होता, चब डिसेंबरात २९ चा होईल. दहावा म्हणजे फुकटच झालं. माझ्या डॉबिन्सची गेल्या वर्षी पहिल्याच मॅचला अकिलीस (टाचेमागची शीर) तुटली तेव्हा मला कोणी सूट दिली होती?

ताई:
नाना, अकिलीसचं गणित वेगळं, ते इथे आणू नका. बापू, चबचा तो स्क्वॉटचा (खांद्यावर वजन घेऊन बैठका) व्हिडिओ बघून तुम्ही हुरळलाय ते कळतंय, पण वजन उचलणं वेगळं आणि पाय रोवून वळणं वेगळं. क्लिनिकमध्ये आम्ही एका पायावर उड्या मारायला लावतो, चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के यावंच लागतं. माझ्याकडे हायस्कूलची पोरं येतात, सरळ पळताना पूर्वीच्याच वेळेत, पण वळायच्या आधी दोन छोटी पावलं जास्त टाकतात, त्यांना स्वतःला कळतही नाही. रनिंग बॅकची गॅप तेवढ्यात बंद होते. नवीन लिगामेंट पूर्ण मुरायला दीड-दोन वर्षं जातात, मांडीची ताकद पण सावकाश येते. या वर्षीच्या आकड्यांवरून चब संपला असंही म्हणू नका. ऑक्टोबरात आला की डावा पाय रोवून उजवीकडे कसा कापतो तेवढं बघा, यार्ड नंतर मोजा.

वहिनी:
ताई, धाकटीचं एसीएल मार्चमध्ये झालं आणि सॉकरचा कोच आत्तापासूनच मॅचला बोलावतोय, पाठवू का? आणि मोदकांचे साचे कोणाकडे आहेत?

ताई:
वहिनी, अजिबात नको. नऊ महिने झाल्याशिवाय नाही, आणि तेव्हाही टेस्ट पास झाली तरच. घाईने उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका खूप वाढतो. कोचशी मी बोलते. साचे माझ्याकडेच आहेत.

अण्णा:
ताईंचं पटलं. शीट मी सांभाळतो म्हणून मीच सांगतो, चब पाचव्या राउंडला, चार आठवडे आयआर (जखमी खेळाडूंच्या) स्लॉटमध्ये. नाना, पुढे तुमच्यावर अशी वेळ आली तर हाच नियम. बापू, हो की नाही?

बापू:
पाचवा चालेल. पण पुढच्या वर्षी ठेवला तरी पाचव्यालाच राहील असं शीटमध्ये आत्ताच लिहा. तो पाय दुसऱ्या वर्षीच कळणार असेल तर मला दुसरं वर्ष मिळायला हवं.