रिझिबल : हास्यास्पद खरं, पण प्रत्येक ठिकाणी नाही

इंग्रजी अग्रलेखांत, न्यायालयांच्या निकालपत्रांत, नाटक-सिनेमाच्या परीक्षणांत एक शब्द अधूनमधून भेटतो : रिझिबल (risible), म्हणजे ज्याला हसावं असा. नाशिकमध्ये आम्ही भाषांतराचं काम करणारी काही मंडळी आहोत, आणि सध्या आमच्यात या शब्दावरून बरीच वादावादी चालली आहे. एकीनं लेखाचं मराठी करताना त्याला ‘गमतीशीर’ लिहिलं. दुसऱ्याचं म्हणणं ‘हास्यास्पद’च हवं. तिसऱ्यानं विचारलं, हसू येतं ना, मग ‘विनोदी’ का नको? प्रश्न चांगला आहे, म्हणून माझं मत जरा सविस्तर मांडते.

आधी उच्चार. ‘रायझिबल’ नव्हे, ‘रिझिबल’. उठणं, वर येणं या अर्थाच्या ‘राइज’शी त्याचा काही संबंध नाही. मूळ लॅटिन ‘रिदेरे’, म्हणजे हसणं. ‘रिडिक्युलस’ आणि ‘डिराइड’ हे त्याच घरातले शब्द. या शब्दाचा पहिला अर्थ आजच्याहून वेगळा होता. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता ‘हसू शकणारा’. प्राण्यांत फक्त माणूस हसतो, असं अ‍ॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलं होतं, आणि मध्ययुगातले तर्कशास्त्री माणसाचं खास लक्षण सांगताना हसण्याच्या क्षमतेचंच उदाहरण देत. त्या अर्थानं रिझिबल म्हणजे माणूस, कारण तो हसतो. ‘ज्याला हसावं असा’ हा अर्थ रूढ झाला तो पुढे, अठराव्या शतकात. आज तोच उरला आहे.

हसणारा आणि ज्याला हसलं जातं तो, दोघं एकाच शब्दात राहून गेले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्यरसाचे दोन प्रकार सांगितले आहेत, आत्मस्थ आणि परस्थ. स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. तिथे ही दोन टोकं वेगळी काढून दाखवली आहेत.

आता ‘हास्यास्पद’कडे येऊ. संस्कृतात ‘हास्य’ हा शब्द बनतो ‘हस्’ धातूला ‘य’ लागून, आणि त्याचा एक अर्थ होतो ‘हसण्याजोगं’. म्हणजे नुसत्या ‘हास्य’ शब्दातच रिझिबलचा आजचा अर्थ होता. पण मराठीत हास्य म्हणजे हसण्याची क्रिया, चेहऱ्यावर उमटणारं हसू. विशेषणाची जागा रिकामी पडली आणि तिथे ‘आस्पद’ आलं. आस्पद म्हणजे स्थान. संशयास्पद, लज्जास्पद, अभिमानास्पद, कौतुकास्पद, सगळीकडे तेच : त्या त्या भावनेचा विषय झालेली गोष्ट. हास्यास्पद म्हणजे हास्याचा विषय झालेली गोष्ट, पुढे काही म्हटलेलं नाही. तरीही आज आपण हा शब्द चांगल्या अर्थानं कधीच वापरत नाही. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. तिथे कुणी प्रमुख पाहुण्यांची ओळख ‘हास्यास्पद वक्ते’ अशी करून दिली तर केवढा अनर्थ होईल! ‘विनोदी वक्ते’ म्हटलं तर तोच माणूस खूश होईल. दोन्हींकडे श्रोते हसणारच आहेत. विनोदी वक्त्याला ते हसू हवं असतं. हास्यास्पद ठरणाऱ्याला ते नको असतं, त्यानं गंभीरपणे काही मांडलेलं असतं आणि लोक हसतात.

माझ्या मते रिझिबलचं मर्म इथेच आहे. सबब, दावा, युक्तिवाद, प्रयत्न, अभिनय, रक्कम अशा नामांसोबत हा शब्द येतो. करणाऱ्याचा हसवण्याचा हेतू नसतो, आणि लिहिणारा त्या गोष्टीला कमी लेखत असतो. म्हणून ‘विनोदी’ बाद. ‘गमतीशीर’ आणि ‘मजेशीर’ही बाद, कारण त्यांत लाड आहे, आपुलकी आहे. निकालपत्राच्या भाषांतरात ‘साक्षीदारानं गमतीशीर सबब सांगितली’ असं वाचल्यावर वाचकाला तो साक्षीदार आवडायला लागेल. न्यायाधीशांना तसं म्हणायचं नव्हतं.

भरतमुनींनी हसण्याचे सहा प्रकार दिलेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. स्मितात दात दिसत नाहीत, हसितात जरासे दिसतात. उपहसिताचं वर्णन मात्र बारकाईनं वाचावं : नाकपुड्या फुललेल्या, नजर तिरकी, अंग आणि डोकं आखडलेलं. रिझिबल लिहिणाऱ्याचा चेहरा मला असाच दिसतो.

पंचवटीत राहून हसण्याची चर्चा करायची आणि शूर्पणखेचा प्रसंग सोडायचा, हे होणार नाही. ज्या नाकावरून या गावाचं नाव पडलं असं परंपरा सांगते, ते नाक कापलं जाण्याआधी वाल्मीकी रामायणात एक थट्टा घडते. राम तिला म्हणतो, माझं लग्न झालेलं आहे, तुझ्यासारखीला सवत कशी चालेल, तू माझ्या भावाकडे जा. लक्ष्मण म्हणतो, मी तर याचा दास, दासाची बायको होऊन काय करशील, तू यालाच वर. आणि मग कवी तिच्यासाठी एक विशेषण वापरतो, ‘परिहासाविचक्षणा’ : थट्टा न कळणारी. ती ते बोलणं खरं धरते. पुढे ती सीतेवर धावून जाते तेव्हा राम लक्ष्मणाला सांगतो, क्रूर आणि अनार्य लोकांशी कधी थट्टा करू नये. तिथे शब्द ‘परिहास’ आहे, ‘उपहास’ नाही. परिहास हा समोरच्याशी होतो, त्याला तो कळावा लागतो. उपहास समोरच्यावर होतो, त्याला कळो न कळो. रिझिबलचं नातं उपहासाशी आहे. मराठीत ‘परिहास’ आता पुस्तकातच राहिला, बोलताना थट्टा, चेष्टा, मस्करी हे शब्द त्याचं काम करतात. उपहासासाठी टिंगल, टवाळी, खिल्ली, टर.

टवाळीवरून आठवलं. नाशिकजवळच्या टाकळीला ज्यांनी बारा वर्षं तपश्चर्या केली, त्या समर्थांचं ‘टवाळा आवडे विनोद’ आपण येता-जाता ऐकवतो. त्यामुळे विनोद हा शब्दच हलका, असा काहींचा समज झालेला दिसतो आणि मग ते ‘विनोदी’ला ‘हास्यास्पद’चा भाऊ मानतात. मला हे पटत नाही. आजच्या मराठीत विनोदी लेखक, विनोदी नाटक हे मानाचे शब्द आहेत.

आता त्या मुद्द्याकडे येते, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. रिझिबल रकमेलाही लागतो. रिझिबल भाव, रिझिबल नुकसानभरपाई. इथे शब्दकोशात पाहून ‘हास्यास्पद’ लिहिणारे भाषांतरकार खूप आहेत, आणि मला ते खटकतं. लासलगावला कांद्याचा भाव पडतो तेव्हा शेतकरी हसत नाही. निफाड-दिंडोरीकडे गारपिटीत द्राक्षबाग झोपते, पंचनामा होतो आणि हातात जे पडतं, त्याला आपल्याकडे शब्द आहेत : ‘कवडीमोल भाव’, ‘मातीमोल भाव’, ‘तुटपुंजी मदत’. ‘तोंडाला पानं पुसली’ हा तर अख्खा अग्रलेख आहे. इंग्रजीत ‘रिझिबल’नं रकमेचा क्षुद्रपणा दाखवला जातो. मराठीत तो क्षुद्रपणा कवडीनं आणि मातीनं दाखवला जातो. त्यामुळे रकमेच्या बाबतीत ‘हास्यास्पद’ माझ्या यादीतून बाहेर. ‘हास्यास्पद भरपाई’ वाचताना ती देणारा उपहासाचा धनी व्हायला हवा, पण कानाला घेणाराच हास्याचा विषय झाल्यासारखं वाटतं.

बोलण्यात तर ‘हास्यास्पद’ जवळपास येतच नाही. तिथे ‘हसं’ येतं. ‘हसू’ आणि ‘हसं’ यांत केवढं अंतर आहे पाहा : हसू येतं, हसं होतं. ‘लोकांत हसं झालं’, ‘स्वतःचं हसं करून घेतलं’. आणि ‘हशा’ पिकतो, तो सभेत. हसू आपलं असतं, हशा सगळ्यांचा असतो, हसं मात्र एकाच्याच वाट्याला येतं. रिझिबल क्रियेच्या अंगानं सांगायचा असेल, तर ‘हसं होणं’इतका नेमका प्रयोग मला दुसरा सापडलेला नाही. ‘त्यांचा युक्तिवाद हास्यास्पद होता’ याऐवजी ‘या युक्तिवादानं त्यांचं हसं झालं’ लिहून बघा, वाक्य लगेच उभं राहतं. अर्थ किंचित सरकतो हे मान्य. पहिल्यात लेखकाचं मत आहे, दुसऱ्यात लोक खरोखर हसल्याची बातमी आहे. म्हणून निकालपत्रात पहिलं, बातमीत दुसरं.

जवळच्या इंग्रजी शब्दांबद्दल थोडक्यात. ‘लुडिक्रस’च्या मुळाशी लॅटिन ‘लुदुस’ म्हणजे खेळ आहे, आणि आपला ‘पोरखेळ’ त्याला जागच्या जागी बसतो. ‘अ‍ॅब्सर्ड’च्या मूळ लॅटिन शब्दाचा एक अर्थ बेसूर असा आहे. त्याला असंबद्ध, विसंगत, तर्कहीन. ‘रिडिक्युलस’ बोलण्यातला, रागातही येणारा, त्याला ‘काहीतरीच काय!’ पुरतं. रिझिबल या सगळ्यांत थंड आणि लेखी आहे. चिडून कुणी तो शब्द उच्चारत नाही.

शेवटचा प्रश्न आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीनं विचारला : माणसाला हास्यास्पद म्हणावं का? मी म्हणेन, शक्यतो नको. माणसाचं वागणं, बोलणं, दावा, पोशाख हास्यास्पद म्हणा. इंग्रजीतही हा शब्द बहुतेक वेळा गोष्टीलाच लागतो. पण एखाद्या जुन्या मजकुरात, सोळाव्या-सतराव्या शतकातल्या, माणसाला रिझिबल म्हटलेलं दिसलं, तर ‘हास्यास्पद’ लिहिण्याआधी थांबा आणि मागचं-पुढचं वाक्य वाचा. तिथे बहुधा ‘हसू शकणारा’ हाच अर्थ असेल.