अंतर भागिले वेग एवढ्यावर वेळ निघत नाही

वर एकांनी विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरून, अंतराला त्याने भागलं की प्रवासाचा वेळ मिळतो, असं लिहिलंय. मुंबई-दिल्लीसाठी अंदाज म्हणून ठीक, पण लांबच्या उड्डाणाला हे गणित लावू नका.

दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को घ्या. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी पॅसिफिकवरून नेलं, तर अंतर झालं सुमारे १५,३०० किमी आणि तरीही वेळ लागला साधारण साडेचौदा तास, म्हणजे पूर्वीपेक्षा कमीच! कारण वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार जेट प्रवाह वाहतो. पॅसिफिकवरून तो पाठीशी, अटलांटिकवरून जाताना समोर. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत तेवढाच राहतो, जमिनीच्या तुलनेत मात्र बराच बदलतो. (परतताना अटलांटिकवरून आलं की पृथ्वीप्रदक्षिणाच पूर्ण होते, मला हे फार भारी वाटतं.)

म्हणून लंडन-मुंबई येताना कमी वेळ लागतो, जाताना जास्त. हिवाळ्यात हा प्रवाह आणखी जोर धरतो, त्यामुळे जानेवारीचं तिकीट काढताना जूनमधल्या वेळा गृहीत धरून पुढचं जोडविमान ठरवू नका.