निळं कार्नेशन जीएम (दुसऱ्या जिवाचा जीन घातलेलं) आहे म्हणे. लग्नाच्या सजावटीत वापरू का?

शहापूरची फुलवाली
बेळगावात शहापूरला माझं फुलांचं दुकान आहे, लग्नाची सजावट घेते. गोव्याच्या एका पार्टीनं स्टेजला आणि केकवर निळी कार्नेशन मागितल्यात. बेंगळुरूचा सप्लायर सांगालाय, "मॅडम, जीएम आहे, इंपोर्ट माल." दर साध्या मालापेक्षा कितीतरी वर. नवरीची आई विचारालीय, अंगाला काय होणार नाही ना? माझ्याकडच्या पोरी दिवसभर उघड्या हातानं दांड्यांची पानं काढतात, उरलेली फुलं शेजारच्या गोठ्यात जातात. त्यात कडोलीचे पॉलिहाऊसवाले काका म्हणतात, दोन दांड्या ठेव, फुटवे लावून बघतो. माहितगारांनी सांगा. नुसतं "जीएम वाईट" म्हणणाऱ्यांनी राहू दे.

टिळकवाडीकर
सरकारनं २०१० मध्ये बीटी वांगं उगीच थांबवलं काय? नका घेऊ.

निपाणीचा, अरभावीत शिकलेला
वांगं इथं कशाला आणताय ओ? बीटी वांग्यात कीड मारणारं प्रथिन होतं आणि ते रोज ताटात येणार होतं. कार्नेशनमध्ये तसलं काही घातलेलं नाही.

ताई, मी अरभावीच्या बागायत कॉलेजातला, आता टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करतो. निळसर छटा देणारं डेल्फिनिडीन हे रंगद्रव्य कार्नेशनला मुळात बनवताच येत नाही, त्यासाठी लागणारं एन्झाइमच त्याच्यात नाही. ऑस्ट्रेलियाची फ्लोरिजीन आणि जपानची सनटोरी या कंपन्यांनी पिटुनिया-पॅन्सी या फुलझाडांचा जीन घालून ते काम करवून घेतलं. 'मूनडस्ट' नावानं ही फुलं जपानात १९९७ पासून विकतात. डेल्फिनिडीन वांग्याच्या सालीत असतं, जांभळात असतं. रंगाला भ्यायचं कारण नाही.

दुसरा जीन तंबाखूचा. (आमच्या निपाणीत हे सांगितलं की पहिला प्रश्न निकोटिनचा येतो. फुलात निकोटिन येत नाही.) त्यानं क्लोरसल्फ्युरॉन हे तणनाशक सहन होतं. लॅबमध्ये नवा जीन कुठल्या पेशींत बसला ते ओळखायला तो वापरतात.

जीएम फुलाला परवानगी देण्याआधी तपासणारे विचारतात ते वेगळंच. परागकण उडतात का? कार्नेशनचे थोडे, जड, चिकट. वाऱ्यानं जात नाहीत. बी धरतं का? त्याआधीच फुलदाणीतलं फूल सुकतं. रानात याचं कुणी भावंड आहे का, ज्याच्याशी संकर होईल? आपल्या बेळगाव-खानापूरच्या रानात नाही. चुकून पाकळी पोटात गेली तर? हेही बघतात. युरोपात ईएफएसए या अन्नसुरक्षा संस्थेनं हे सगळं तपासलं, मग 'मूनलाइट' आणि 'मूनअ‍ॅक्वा' या वाणांच्या आयातीला आणि विक्रीला परवानगी मिळाली. लागवडीला नाही, हे लक्षात घ्या. फुलं पिकतात कोलंबिया-इक्वेडोरमध्ये.

म्हणून मला तुमच्या पोरींची काळजी कमी आणि कडोलीच्या काकांची जास्त. कार्नेशनच्या दांडीवरचा फुटवा मूळ धरू शकतो. हातात फूल धरणं वेगळं आणि परवानगी नसलेलं रोप वाढवून चार जणांना वाटणं वेगळं. जर्मनीत कोलोनला १९८७ च्या सुमारास मक्याचा जीन घालून केशरी पिटुनिया केली, प्रयोगापुरती. २०१७ मध्ये फिनलंडमध्ये लक्षात आलं की तसलीच केशरी पिटुनिया बाजारात सर्रास विकली जातेय. ती बाजारात कुठून शिरली, कुणाकडं नोंद नाही. फूल घातक नव्हतं, तरी देशोदेशी माल काढून टाकावा लागला. नर्सरीवाल्यांचं नुकसान झालं ते असं.

आपल्याकडं १९८९ चे नियम आहेत. जीएम माल आणायचा, विकायचा किंवा लावायचा तर पर्यावरण मंत्रालयाच्या जीईएसी समितीची परवानगी लागते. व्यापारी लागवडीत आजवर एकच पीक आहे, बीटी कापूस. सप्लायरला आधी तो कागद मागा.

आणि खरं सांगू? तुमचा माल जीएम नसणारच बहुतेक. जीएम कार्नेशन जांभळट असतात, शाईसारखी निळी नव्हेत. गडद निळं म्हणजे पांढरं फूल रंगाच्या पाण्यात ठेवलेलं. दांडी खालून तिरकी कापा. आत निळं दिसलं, पाकळीच्या शिरा आणि कडा जास्त गडद असल्या, तर डाय.

शहापूरची फुलवाली
कागद मागितला तर म्हणतो, "बिल देतो की, कागद कशाला?" ऑर्डर थांबवलीय. काकांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, ते म्हणाले, "बघू." केकचं काय पण? साधी पांढरी कार्नेशन लावली तर चालतील?

निपाणीचा, अरभावीत शिकलेला
केकवर बाजारातलं कुठलंच फूल नको, जीएम असो नसो. सजावटीचं फूल खायचं म्हणून कुणी पिकवत नाही, फवारणी त्याच हिशोबानं होते. बेल्जियममध्ये बाजारात विकले जाणारे ९० गुच्छ तपासले, २०१६ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला. गुलाब, जरबेरा आणि शेवंती मिळून शंभरावर औषधांचे अंश सापडले. पोरींना हातमोजे द्या, जेवायच्या आधी साबणानं हात धुवायला लावा. गोठ्यात टाकणं तर आजच बंद करा, ती दुभती जनावरं आहेत.

खानापूरची वहिनी
केकला आमच्या परसातला देशी गुलाब चालेल काय? औषध कधीच मारत नाही. हव्या तर पाठवते, सकाळच्या बसनं.