साप्ताहिकाचे जुने अंक रद्दीतून वाचवले, आता ठेवू कुठं?

खिळेजुळव्याचा पोरगा:

नमस्कार मंडळी. मी अचलपूरचा, सध्या नोकरीसाठी पुण्यात. बाबा आमच्याकडच्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. मालक वारले, मुलांनी जागा विकायला काढली, ट्रेडल मशीन भंगारवाल्यानं किलोवर नेलं. अंकांचे गठ्ठेही रद्दीत चालले होते, ते बाबांनी ऑटोत घालून घरी आणले. १९७४ ते २००३, मधली काही वर्षं उधईनं (वाळवीनं) खाल्लेली. आई म्हणते, "घरात मानसाले जागा नाई, हे कायले आनलं?"

दिवाळीत एक गठ्ठा सोडून बसलो. पहिल्या पानावर काही नाही. सत्कार, आश्वासनं, पुन्हा सत्कार. मजा आतल्या पानांत. संत्र्याचा आंबिया बहार गळाला. बहिरमच्या यात्रेत रोडगे-हंडीवाल्यांची जागेवरून भांडणं. हरवली आहे: तांबडी गाय, कपाळावर चांद, शिंग मोडकं. दरवर्षी मार्चच्या पहिल्या अंकात फॉर्म ४, म्हणजे मालकीचं सरकारी निवेदन, त्यात मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक अशा चारही ठिकाणी एकच नाव. (घडीही तेच घालत, पण फॉर्मात तो रकाना नाही.)

अंक चालायचा लग्नपत्रिकांच्या पैशावर. म्हणून लग्नसराईत 'श्री'चे सगळे खिळे पत्रिकांत अडकायचे आणि अंकातले पुढारी दोन महिने नुसते 'मा.' व्हायचे. हे बाबांनी सांगितलं तेव्हा मी पुन्हा गठ्ठे काढून मे महिन्याचे अंक पाहिले. खरंच आहे.

तर उधई थांबवायची कशी, आणि हे कुणाला द्यावेत का?

वाचनालयवाली ताई:

दादा, मी दर्यापूरकडे वाचनालयात असते. आधी काय करू नका ते सांगते. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर अजिबात नको. तिचा गोंद काही वर्षांनी तपकिरी होऊन अक्षरंच खातो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या आम्लानं तो आपोआपच पिवळा अन् ठिसूळ होतो. उन्हात टाकाल तर काम लवकर संपेल. घड्या उघडून अंक आडवे ठेवा, कापडात बांधा.

कडुलिंबाचा पाला सगळे सांगतील. बारीक किड्याला होतो थोडाफार, पण उधई जमिनीतून, भिंतीतून चढते, तिला पाल्याचं काही नाही. लोखंडी मांडणी घ्या, भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. रोज दहा अंकांचे मोबाइलवर फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. फाइलच्या नावात तारीख घाला, नाहीतर पुढं तुम्हालाच सापडणार नाही. मूळ अंक तालुक्याच्या वाचनालयाला द्यायचे तर आधी जाऊन त्यांचं छप्पर पाहून या. आमचं गळतं, म्हणून सांगते.

कापूसकोंड्या:

राग मानू नका, पण हे साप्ताहिकवाले आम्ही पाह्यलेत. १५ ऑगस्ट आला की ग्रामपंचायतीत हजर, शुभेच्छांची जाहिरात द्या म्हणून. नाही दिली तर पुढच्या अंकात सरपंचाचा भ्रष्टाचार. याच्यात वारसा कुठून आला?

खिळेजुळव्याचा पोरगा:

नाही म्हणत नाही. आमचे मालकही दोनदा असं वागल्याचं बाबाच सांगतात. पण गेल्या महिन्यात शिरजगावकडचा एक माणूस घरी आला. वारस नोंदीसाठी आजीच्या मृत्यूची तारीख हवी होती, घरात कुणाला आठवेना. तेरवीची चार ओळींची बातमी सापडली, १९८१ ची. कात्रण काही पुरावा म्हणून चाललं नाही, पण साल-महिना कळला म्हणून रजिस्टर काढता आलं. मोठ्या दैनिकात ती तेरवी कधी आली असती? अन् 'लोकमत'सुद्धा १९१८ साली यवतमाळात बापूजी अण्यांचं साप्ताहिक म्हणूनच निघालं होतं. अर्थात आमचं कुठं पोहोचलं ते सांगितलंच, भंगारात.

मूर्तिजापूर जंक्शन:

दादा, शकुंतलेचं, आपल्या त्या छोट्या रेल्वेगाडीचं, काई आहे का त्याच्यात? आमचे आजोबा लाइनवर होते. मँचेस्टरचं १९२१ चं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलात बंद झालं, मंग डिझेल आलं. आता तर गाडीच नाई. त्या हप्त्याचा अंक भेटला तर फोटो टाका बा, पाया पडतो.

खिळेजुळव्याचा पोरगा:

शोधला. १९९४ मार्चपर्यंत आहे, फॉर्म ४ सकट. एप्रिलपासून दिवाळीपर्यंत उधई.

पण बाबांना विचारलं. म्हणाले, तो मथळा मीच जुळवला. संपादकांनी 'शकुंतलेचे इंजिन बंद' लिहून दिलं होतं, पण मोठ्या टायपातला 'इ' फुटलेला. त्यांना विचारायला गेलो तर ते जेवायला गेलेले. म्हणून 'शकुंतलेची वाफ गेली' असा लावून टाकला.