मदत हवी आहे: बाळ अतिदक्षता विभागात, बाळंतीण घरी, घरातील ज्येष्ठांना कसे समजवावे?

नमस्कार. मी गोव्यातील साखळीची असून माझ्या धाकट्या भावाच्या मुलीसंबंधी लिहीत आहे. वहिनीचा रक्तदाब सातव्या महिन्यात एकाएकी वाढला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि डॉक्टरांना तिसाव्या आठवड्यातच शस्त्रक्रिया करून प्रसूती करावी लागली. जन्मतः बाळाचे वजन १३०० ग्रॅम होते. बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून वहिनीला आधी स्टिरॉइडची इंजेक्शने दिली होती, तरीही बाळाला सरफॅक्टंट, म्हणजे फुप्फुसे उघडी राहावीत म्हणून दिले जाणारे औषध, द्यावे लागले आणि सुरुवातीचा काळ ती सीपॅपवर, म्हणजे नाकावाटे दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर होती. आता ती आपला श्वास आपण घेते. श्वास मध्येच थांबू नये म्हणून कॅफिनचे औषध चालू आहे आणि तोंडातून पोटात सोडलेल्या बारीक नळीने तिला आईचे दूध दिले जाते. डॉक्टर व परिचारिका विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचे उत्तर देतात, त्यामुळे उपचारांबाबत मला येथे काही विचारायचे नाही. माझी अडचण घरातली आहे.

वहिनीला रुग्णालयातून घरी सोडले, बाळ मात्र तिथेच राहिले. रुग्णालय पणजीच्या बाजूला आहे. आमच्याकडे चारचाकी नाही, आणि टाक्यांचे पोट घेऊन भावाच्या दुचाकीवर मागे बसणे तिला शक्य नाही. म्हणून साखळीहून बस, पणजीला उतरून दुसरी बस, असा प्रवास करावा लागतो. बाळाला दिवसातून जितके तास शक्य होईल तितके उघड्या छातीशी धरावे, म्हणजे कांगारू पद्धतीने सांभाळावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. वहिनीची त्यासाठी पूर्ण तयारी आहे. माझी आई मात्र तिला घराबाहेर पडू देण्यास तयार नाही. बाळंतिणीने दीड महिना उंबरा ओलांडू नये, तिला वारा लागू नये, तिला तेल-पाणी, उकड्या तांदळाची पेज आणि अळिवाचे लाडू वेळेवर मिळावेत, हे आईने आयुष्यभर पाळले आणि इतरांकडून पाळून घेतले आहे. यात सुनेविषयी आकस मुळीच नाही, हे मला मुद्दाम लिहावेसे वाटते. आईच्या माहेरी एक बाळंतीण तापाने गेली होती. ती भीती तिच्या मनातून कधी गेलीच नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. आई बाळाविषयी बोलतच नाही. सटी झाली नाही, बारसे झाले नाही, शेजारणींनी विचारले तर ती विषय बदलते, आणि मी टोपरे शिवायला मऊ कापड आणले तेव्हा ‘ते आताच नको’ म्हणून तिने कपाटात ठेवून दिले. मला वाटते, बाळ जगेल की नाही याची खात्री नसताना तिला जीव लावून बसायचे नाही, म्हणून आई स्वतःला आवरून धरते आहे. पण वहिनीला त्याचा अर्थ वेगळा लागतो. आपले बाळ या घरात कुणी मोजतच नाही, असे ती मला रडत म्हणाली. दोघीही माझ्याच आहेत आणि दोघींची बाजू मला कळते, म्हणून कुणाशी कठोरपणे बोलणे मला जमत नाही.

यात दुधाचा प्रश्न आहे. घरी असताना वहिनी हाताने दूध काढते, भाऊ ते बर्फाच्या पिशवीत घालून नेतो. परंतु दुधाचे प्रमाण कमी होत चालले आहे. बाळाजवळ बसून, तिला छातीशी धरून उठल्यावर मात्र दूध चांगले येते, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे.

ज्यांचे बाळ अशा विभागात राहिले आहे त्यांनी कृपया सांगावे, की दूरच्या गावातून येणाऱ्या आईची राहण्याची सोय तुम्ही कशी केलीत, घरातील मोठ्या माणसांशी काय बोललात, आणि आईव्यतिरिक्त आम्हांपैकी इतर कुणी बाळाला छातीशी धरले तर ते चालते का. पावसाळा तोंडावर आला आहे. बाळ घरी येईल तेव्हा आमच्या जुन्या कौलारू घरात कोणती तयारी असावी, हेही सांगितलेत तर उपकार होतील. वहिनी एका औषध कारखान्यात नोकरीला आहे आणि तिची प्रसूती रजा बाळ रुग्णालयात असतानाच खर्ची पडते आहे, त्याचीही काळजी आहे.

प्रतिसाद, दोडामार्गचे एक वडील

ताई, आमचा मुलगा एकतिसाव्या आठवड्यात जन्मला आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात होता. तिथे आमच्यासारखे सिंधुदुर्गातले आणि कारवारकडचेही पालक भेटत, त्यामुळे दूरवरून येणारे आपण एकटेच आहोत असे समजू नका. राहण्याबाबत आधी विभागातील मुख्य परिचारिकेला आणि रुग्णालयातील समाजसेवकाला स्पष्ट विचारावे. बाळ दाखल असेपर्यंत आईला आवारात राहू देण्याची काही ना काही व्यवस्था पुष्कळ सरकारी रुग्णालयांत असते, पण विचारल्याशिवाय ती कळत नाही. ती न मिळाल्यास ताळगाव, सांताक्रूझ या बाजूला नातेवाईक किंवा ओळखीचे घर शोधावे. आम्ही माझ्या पत्नीच्या मावसबहिणीकडे राहिलो. तिथे पत्नीला पेजही मिळे आणि तेल-पाणीही होई, त्यामुळे माझ्या आईला बाळंतपण मोडले असे वाटले नाही. तुमच्या आईंना बहुधा हाच मार्ग पटेल, कारण त्यांचे म्हणणे बाळंतिणीची काळजी घ्यावी हे आहे, आणि ती काळजी दुसऱ्या उंबऱ्याच्या आतही घेता येते.

छातीशी धरण्याविषयी मी खात्रीने सांगू शकतो, कारण मी ते स्वतः केले आहे. वडील, आत्या, आजी, कुणीही धरू शकते. ताप, खोकला किंवा त्वचेचा आजार नसावा, आंघोळ झालेली असावी आणि हात कोपरापर्यंत धुतलेले असावेत. बाळाला फक्त लंगोट, टोपरे आणि मोजे घालून उभे, छातीच्या मधोमध ठेवतात, मान एका बाजूला वळवतात, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते, आणि वरून कापडाने बांधतात. एकदा घेतले की निदान तासभर तरी हलवू नये. वारंवार उचलण्या-ठेवण्याने बाळ दमते. पहिल्यांदा माझे हात थरथरत होते, परंतु यंत्रावर त्याच्या रक्तातील ऑक्सिजनचा आकडा स्थिर झालेला पाहिला तेव्हा मी इथे कामाचा आहे असे मला प्रथमच वाटले.

आता तुमच्या आईंविषयी. त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडू नका असे मी सुचवेन. डॉक्टरांची परवानगी काढा आणि त्यांना एकदा बाळापाशी घेऊन जा. माझी आईसुद्धा नाव काढायला तयार नव्हती. काचेच्या पेटीतली नळ्या लावलेली आकृती तिने फक्त मोबाईलवर पाहिली होती, आणि ते चित्र कुणालाही घाबरवणारेच असते. प्रत्यक्ष गेल्यावर तिने त्याच्या तळव्याला बोट लावले आणि त्याने ते धरले. त्या संध्याकाळपासून घरी त्याच्याविषयी बोलणे सुरू झाले.

प्रतिसाद, निवृत्त परिचारिका, मडगाव

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे बाळांना उबदार ठेवणाऱ्या पेट्या (इनक्युबेटर) अपुऱ्या पडत होत्या म्हणून सुरू झाली. त्यामुळे ती गरिबांची तडजोड आहे असा समज कित्येक वर्षे टिकला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतासह पाच देशांतील रुग्णालये होती, एक किलो ते १.८ किलोच्या आतील बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी धरले असता पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून दिवसाला ८ ते २४ तास ही पद्धत वापरण्यास सांगते. घरातील ज्येष्ठांना हे सांगताना मी आकडे सांगत नसे. ‘पेटीपेक्षा आईची ऊब बरी, हे आता डॉक्टरही मानतात’ एवढेच म्हणत असे, आणि ते त्यांना लगेच पटे.

दुधासाठी दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दिवसातून निदान आठ वेळा दूध काढणे आवश्यक आहे. रात्रीची वेळ चुकली की प्रमाण घटते. काढलेले दूध खोलीत चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये, फ्रीजमध्ये २४ तासांच्या आत वापरावे, आणि डब्यावर तारीख व वेळ लिहावी. थेंबभर दूध आले तरी टाकू नये. अशा बाळाला थोडेसे दूधही जंतुसंसर्गापासून आणि आतड्यांच्या गंभीर आजारापासून जपते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो, तोवर नळी किंवा वाटी-चमचा हाच मार्ग आहे. बाळ अंगावर पीत नाही म्हणून वहिनींनी स्वतःला दोष देऊ नये.

एक गोष्ट मात्र कुणाच्याही बोलण्यावरून पुढे ढकलू नका. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. चौतिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून चार आठवड्यांच्या आत नेत्रतज्ज्ञाने पाहावे लागतात, आणि पडदा पूर्ण वाढेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहावे लागतात. बाळ घरी गेल्यावर नेमकी हीच तारीख चुकते, कारण बाळ छान दिसत असते. लेझर उपचारांची गरज पडली तर ते दोन-तीन दिवसांतच करावे लागतात. कानांची तपासणीही घरी जाण्यापूर्वी करून घ्या. लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या. मान धरणे, बसणे या गोष्टी मात्र तिच्या मूळ अपेक्षित तारखेपासून मोजायच्या.

घराच्या तयारीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धूर. बाळाला ओव्याची किंवा बाळंतशोपेची धुरी देऊ नये, आणि न्हाणीतल्या पाणी तापवायच्या चुलीचा धूर तिच्या खोलीत येता कामा नये. आईंना धुरी सोडायला सांगणे जड जाईल, पण येथे ठाम राहावेच लागेल. ओल येणारी भिंत असलेली खोली टाळावी. कपडे पावसात वाळत नाहीत, म्हणून ते इस्त्रीने पूर्ण कोरडे करून वापरावेत. वजन दोन-अडीच किलो होईपर्यंत आंघोळीऐवजी कोमट पाण्याने पुसणे पुरे. भेटायला येणाऱ्यांना काही आठवडे नम्रपणे थांबवावे.

रजेसंबंधी, नेहमीच्या २६ आठवड्यांशिवाय, मुदतपूर्व प्रसूतीमुळे किंवा बाळंतपणामुळे आईला आजारपण आल्यास वैद्यकीय पुराव्यावर जास्तीत जास्त एक महिन्याची पगारी रजा मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. वहिनींचा रक्तदाब अजून चढा असेल तर डॉक्टरांकडून तसे प्रमाणपत्र घेऊन कारखान्यात लेखी अर्ज करावा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मुख्य परिचारिकेला विचारले; वहिनीला आवारातच राहायला जागा मिळते आहे. आईला मी तिथे जेवणाचा डबा पोहोचवण्याचे काम सांगितले आणि ती लगेच तयार झाली, कारण बाळंतिणीच्या पेजेची जबाबदारी तिच्याकडेच राहिली. बाळाला भेटण्याची परवानगी डॉक्टरांनी येत्या सोमवारची दिली आहे. आईने अजून होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. डोळ्यांच्या तपासणीची तारीख भावाने लिहून घेतली आहे.

आणखी एक विचारते. नावाचे काय करावे? विभागात सध्या तिला वहिनीच्या नावाने, ‘अमुक यांचे बाळ’ म्हणून ओळखतात. बारसे पुढे घरी करायचे असले तरी तोपर्यंत एखादे हाक मारायचे नाव ठेवावे अशी वहिनीची फार इच्छा आहे, आणि आईला ते रुचेल की नाही हे मला ठाऊक नाही.

प्रतिसाद, दोडामार्गचे एक वडील

ताई, नाव आईंनाच विचारा. सोमवारी, बाळ समोर असताना.