बॅटवुमन 'एलेजी': चित्रांनी गोष्टीवर कुरघोडी केली का?

कोरी_चौकट
ग्रेग रका यांचं लेखन, जे. एच. विल्यम्स यांची चित्रं. 2009 मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या 854व्या अंकापासून आलेली ही कथा परत वाचली. (पुढे रहस्य फुटणार आहे.)

चित्रं देखणी आहेत, पण गोष्टीला श्वास घेऊ देत नाहीत. दोन पानांवर पसरलेले वटवाघळाचे पंख, त्यांच्या आत मारामारी. आता उजवीकडे वाचायचं की खाली, हे शोधण्यातच लय तुटते. खलनायिका ॲलिस 'ॲलिस इन वंडरलँड' लिहिणाऱ्या लुईस कॅरॉलच्या ओळींत बोलते, तेही ताणल्यासारखं वाटतं. ती केटची, म्हणजे बॅटवुमनची, जुळी बहीण आहे हे एका वाक्यात कळतं आणि लगेच ती विमानातून खाली पडते. एवढ्या मोठ्या धक्क्याला जागा नको?

शाईवाली
अजिबात पटलं नाही. चौकटी कधी मोडतात ते बघा ना! केट बॅटवुमनच्या वेशात असली की. वडिलांशी, म्हणजे कर्नल जेकब केनशी, घरी बोलताना पानं सरळ होतात. डेव्ह स्ट्युअर्टचे रंगही तसेच: रात्री खडूसारखा पांढरा चेहरा, लाल विग, लाल ओठ, बाकी काळोख. तिच्या आयुष्याचे दोन तुकडे संवाद न वाचताही कळतात. हे लेखनच झालं की!

आणि वेस्ट पॉइंटचा, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीतला, प्रसंग? वरिष्ठ तिला सुटायची वाट देतात: आरोप नाकार. ती नाकारत नाही, समलिंगी असल्याचं सांगते आणि लष्करातली कारकीर्द गमावते. समलिंगी असल्याचं उघड सांगणाऱ्याला लष्करात न ठेवण्याचा नियम अमेरिकेत 2011 पर्यंत लागू होता, म्हणजे हे छापलं गेलं तेव्हाही. वाचताना गळा दाटतो.

कोरी_चौकट
तोच प्रसंग मीही सर्वांत वर ठेवतो. पण तिथे विल्यम्स शैली बदलतात, रेषा साध्या, चौकटी सरळ. चित्रं शांत झाली तेव्हाच रकांची ताकद दिसली. माझा मुद्दा हाच आहे.

शाईवाली
पण आधीची रात्र तशी रंगवली नसती तर हा साधेपणा जाणवला असता का?

जुने_अंक
दोघांनी 2011ची 'बॅटवुमन' मालिकाही वाचा. रका तोवर बाहेर पडले होते, विल्यम्स यांनी डब्ल्यू. हेडन ब्लॅकमन यांच्यासोबत लेखनही हाती घेतलं. सुरुवातीच्या अंकांत पानं तितकीच भव्य आहेत. मला मात्र केटचा आवाज फिका वाटला. वडिलांसमोर ताठ उभी राहणारी ती मुलगी मला रकांच्या वाक्यांत भेटली होती.