सॉकेट हेड कॅप स्क्रूला मराठीत काय लिहावं?

भाषांतरवाला: गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यासाठी मशीनच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतोय. ‘सॉकेट हेड कॅप स्क्रू’ला कोश चाळून ‘षट्कोनी खाचेचा शीर्षमळसूत्री खिळा’ असं काहीतरी जमवलंय. फिटर हसतील का? आणि ‘टॉर्क’ला, म्हणजे आवळताना लावायच्या फिरवण्याच्या जोराला, काय लिहू?

शिरोलीकर: हसणार की! अ‍ॅलन बोल्ट लिहा, विषय संपला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही दुकानात हाच शब्द चालतो. काही जण ‘अनब्राको’ मागतात, पण ते ब्रँडचं नाव, पुस्तिकेत नको. नटाशिवाय थेट धातूतल्या आट्यांत (मळसूत्रात) बसतो म्हणून इंग्रजीत तो स्क्रू, आपल्याकडे बोल्टच.

मापं मात्र नीट द्या. एम10 म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास 10 मिमी, पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर, 1.5. डोकं 16 मिमी रुंद, आणि उंचीला व्यासाइतकंच, म्हणजे 10. चावी 8 ची. एम6 ला 5, एम8 ला 6, एम12 ला 10. लांबी डोक्याखालून मोजतात; 50 लांबीचा एम10 डोकं धरून 60 भरतो. डोकं बुडवायचं भोक पाडणाऱ्याला हे माहीत पाहिजे.

जुना टर्नर: ‘सूत’ विसरू नका. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या पिढीचे लोक अजून ‘तीन सूती दे’ म्हणतात, आणि तो निघतो 9.5 मिमीचा. एम10 च्या भोकात दोन-चार आटे फिरतो आणि अडतो, कारण त्याची पिच जवळपास 1.59. मग पोरगं पान्याला पाइप लावून रेटतंय! पुस्तिकेत ‘मेट्रिक’ हा शब्द ठळक छापा.

भाषांतरवाला: बरं. आणि बोल्टच्या डोक्यावर उमटवलेलं 12.9? ‘बारा दशांश नऊ’ लिहू?

शिरोलीकर: नको, तो दशांश नव्हेच. 12 वरून तुटण्याचा ताण कळतो, 1200 न्यूटन प्रति चौरस मिमी. 9 म्हणजे त्याच्या 90 टक्क्यांवर, 1080 ला, बोल्ट कायमचा ताणला जातो, पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. 8.8 ला हेच आकडे 800 आणि 640. एम10 चं ताण घेणारं क्षेत्र 58 चौरस मिमी, म्हणजे 12.9 चा बोल्ट तुटायला सुमारे सात टन ओढ लागते. ‘ग्रेड 12.9’ लिहा, बोलताना ‘बारा-नऊ’ म्हणतातच.

जुना टर्नर: टॉर्कला ‘पीळ’ छान शब्द आहे, पण टॉर्क मोजून आवळायच्या पान्याला सगळे टॉर्क पानाच म्हणतात. टॉर्क ठेवा. माझा राग ‘घट्ट आवळा’वर आहे. घट्ट म्हणजे किती? आवळताना बोल्ट आतून ताणला जातो, तो ताण जोड धरतो. पान्याला लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच त्या ताणात जातो. निम्मा डोक्याखालच्या घर्षणात, उरलेला आट्यांत खर्च होतो. त्यामुळे तेल लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला कोरड्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो. आकडा द्या आणि तेल की कोरडा हेही द्या. एम10 ला ढोबळ मानानं 8.8 असेल तर 50, 12.9 ला 80 न्यूटन मीटर. तुमच्या मशीनचा आकडा बनवणाऱ्यानं दिलेलाच धरा.

आणि बिडाच्या कास्टिंगमध्ये बोल्ट व्यासाच्या दीडपट तरी आत जाऊ दे. नाहीतर बोल्ट शाबूत आणि भोकाचे आटे बाहेर. त्याला ‘आटे गेले’ म्हणतात, ‘मळसूत्र-क्षती’ वगैरे नको.

भाषांतरवाला: मग असं चालेल? ‘एम10 × 50, ग्रेड 12.9 चे मेट्रिक अ‍ॅलन बोल्ट आट्यांना हलकं तेल लावून, समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क पान्याने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा.’

शिरोलीकर: चालतंय. फक्त ‘हलकं तेल’ म्हणजे कुठलं ते लिहा, नाहीतर ग्रीस फासतील.